किंग काँगला हलवणारा माणूस: विलिस ओब्रायन आणि उशिरा आलेला ऑस्कर

स्टॉप मोशनचं अ‍ॅप तुम्ही कधीतरी वापरून पाहिलं असेल. टेबलावर खेळण्यातली गाडी ठेवायची, फोटो काढायचा, गाडी किंचित पुढे सरकवायची, पुन्हा फोटो. असे पन्नास-साठ फोटो झाले की अ‍ॅप ते भराभर दाखवतं आणि गाडी आपली आपण चालायला लागते. पाच सेकंदांच्या क्लिपमध्ये तासभर कसा जातो ते कळत नाही. मध्येच कुणाचा तरी टेबलाला धक्का लागतो आणि सगळं मुसळ केरात.

हेच काम एका माणसाने शंभर वर्षांपूर्वी केलं. तेव्हा स्क्रीनवर प्रीव्ह्यू नव्हता, डिलीटचं बटण नव्हतं, आधीची फ्रेम अंधुक दाखवणारं ‘ओनियन स्किन’ फीचरही नव्हतं. त्याच्या हातातला दीड फुटाचा बाहुला पडद्यावर एम्पायर स्टेट बिल्डिंगवर चढला आणि जगभरचे प्रेक्षक खुर्चीला चिकटले. तो बाहुला म्हणजे किंग काँग, आणि त्याला हलवणारा माणूस म्हणजे विलिस ओब्रायन. मित्रमंडळी त्याला ओबी म्हणायची.

आज सिनेमातल्या इफेक्ट्सना ऑस्कर मिळतो, टीव्ही मालिकांमधल्या इफेक्ट्सना एमी मिळतो. पण १९३३ च्या ‘किंग काँग’ला ऑस्करचं साधं नॉमिनेशनही मिळालं नाही. कारण ऑस्करच्या यादीत अशा कामासाठी रकानाच नव्हता. ओब्रायनची गोष्ट समजून घेतली की पुरस्कार नेमके कसे चालतात तेही समजतं.

अकराव्या वर्षी घराबाहेर

ओब्रायनचा जन्म २ मार्च १८८६ चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. अकराव्या वर्षी तो घर सोडून गुरांच्या रँचवर कामाला गेला. त्यानंतर त्याने काय काय केलं याची यादी वाचताना दम लागतो: शेतमजुरी, कारखान्यात काम, जनावरांसाठी सापळे लावणं, काउबॉय, बारमध्ये काम. ओरेगॉनमधल्या क्रेटर लेक भागात जीवाश्म शोधायला आलेल्या शास्त्रज्ञांना तो वाट दाखवायचा. डायनासोरची गोडी त्याला तिथेच लागली.

पुढे तो आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन झाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढू लागला, रेल्वेत नोकरी केली, काही काळ बॉक्सिंगच्या रिंगणातही उतरला. मग दगड आणि मातीच्या कामात आला, म्हणजे शिल्पं करू लागला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथेही त्याचं काम होतं.

वरवर पाहता हे धरसोडीचं आयुष्य वाटतं. पण त्याच्या पुढच्या कामाला यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी पडली. जनावर कसं चालतं हे रँचवर पाहिलेलं, मार लागल्यावर शरीर कसं कोलमडतं हे रिंगणात अनुभवलेलं. इमारतीचं प्रमाण ड्राफ्टिंगमध्ये कळलेलं आणि शरीराचा घाट शिल्पकामात. स्टॉप मोशनला हे सगळं लागतं.

मातीचे बॉक्सर

सुरुवात गमतीतच झाली. ओब्रायनने मातीचे छोटे बॉक्सर केले आणि त्यांची लुटुपुटूची लढाई लावून दिली. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं की असे पुतळे थोडे थोडे हलवून दर वेळी एकेक फ्रेम टिपली, तर पडद्यावर ते खरेच लढतील. अशी कल्पना सुचलेला तो पहिला माणूस नव्हता. पण डायनासोर जिवंत दिसावा, त्याला वजन असावं, राग यावा, तो दुखावला जावा, या ध्यासाने त्याने जितकी मेहनत घेतली तितकी त्याआधी कुणी घेतली नव्हती.

त्याने डायनासोर आणि गुहेत राहणाऱ्या माणसाची एक छोटी चाचणी फिल्म केली. ती पाहून हर्मन वॉबर या सिनेव्यावसायिकाने त्याला ५,००० डॉलर दिले. त्या पैशांतून ‘द डायनासोर अँड द मिसिंग लिंक’ हा विनोदी लघुपट तयार झाला. तो थॉमस एडिसनच्या कंपनीने विकत घेतला. हो, तोच बल्बवाला एडिसन. पुढे कंपनीने ओब्रायनलाच कामावर घेतलं आणि त्याने आदिमानवांवर आणखी काही लघुपट केले.

काम एकाचं, नाव दुसऱ्याचं

एडिसनची कंपनी सिनेमाच्या धंद्यातून बाहेर पडली आणि ओब्रायनला नवा जोडीदार मिळाला, हर्बर्ट डॉली. दोघांनी मिळून ‘द घोस्ट ऑफ स्लंबर माउंटन’ केला. तो १९१८-१९ च्या सुमारास पडद्यावर आला. खर्च जेमतेम ३,००० डॉलर, कमाई १ लाखाच्या वर.

पण डॉलीने सिनेमा कापून बराच लहान केला आणि डायनासोरच्या इफेक्ट्सचं श्रेय स्वतःकडे घेतलं. ओब्रायनचं नाव बाजूला पडलं. आपली रील कुणी डाउनलोड करून, वॉटरमार्क काढून स्वतःच्या अकाउंटवर टाकली तर कसं वाटतं? साधारण तसाच हा प्रकार. फरक इतकाच की तेव्हा अपलोडची तारीख दाखवून भांडायचीही सोय नव्हती.

श्रेयाचा हा प्रश्न ओब्रायनच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येत राहिला.

जादूगारांना चकवणारे डायनासोर

शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी १९१२ ची. दुर्गम पठारावर जिवंत राहिलेल्या डायनासोरांची ती गोष्ट. तिच्यावर सिनेमा करायचं ठरलं आणि इफेक्ट्सचं काम ओब्रायनकडे आलं.

सिनेमा पूर्ण होण्याआधी, जून १९२२ मध्ये, कॉनन डॉइल न्यू यॉर्कला अमेरिकन जादूगारांच्या संस्थेच्या जेवणाला गेले. हॅरी हुडिनी त्या संस्थेचा प्रमुख होता. डॉइल यांनी तिथे ओब्रायनच्या चाचणीची रीळ लावली आणि ही चित्रं कुठून आली हे मुद्दाम सांगितलं नाही. लोकांना फसवण्यात आयुष्य घालवलेले ते जादूगार थक्क होऊन बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली. डॉइल यांनी नंतर खुलासा केला, पण तोवर ओब्रायनचे डायनासोर शहरभर गाजले होते. डीपफेकवरच्या आजच्या चर्चेची ही पणजी म्हणायला हरकत नाही.

याच सिनेमासाठी ओब्रायनने मार्सेल डेलगाडो या तरुणाला हेरलं. मूळचा मेक्सिकोचा हा मुलगा दुकानात काम करून कला शिकत होता. त्याने डायनासोर बनवायची पद्धतच बदलून टाकली. आत धातूचा सांगाडा, त्यावर शरीराच्या रचनेप्रमाणे स्नायू, वरून कातडी. काही मॉडेलच्या पोटात हवेची छोटी पिशवी असायची. प्रत्येक फ्रेमला तिच्यातली हवा थोडी कमी-जास्त केली की पडद्यावर डायनासोर श्वास घेताना दिसायचा.

‘द लॉस्ट वर्ल्ड’ १९२५ मध्ये आला. शेवटी ब्राँटोसॉरस लंडनच्या रस्त्यांवर धुमाकूळ घालतो आणि लोक सैरावैरा पळतात. राक्षसी प्राणी मोठ्या शहरात सुटण्याचा हा फॉर्म्युला आजही चालतोय. त्याच वर्षी लंडनहून उडालेल्या इम्पीरियल एअरवेजच्या विमानात प्रवाशांना हा सिनेमा दाखवला गेला. विमानात बसून सिनेमा बघण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक.

दीड फुटाचा राक्षस

१९३१ मध्ये ओब्रायन आरकेओ स्टुडिओसाठी ‘क्रिएशन’ नावाचा डायनासोरपट करत होता. स्टुडिओ आर्थिक अडचणीत होता. खर्च तपासायला आलेला निर्माता मेरियन कूपर याने ‘क्रिएशन’ बंद केला. कथा कंटाळवाणी आहे असं त्याचं मत पडलं. पण इफेक्ट्स पाहून त्याला भलतीच कल्पना सुचली. त्याच्या मनात एका अवाढव्य गोरिलाची गोष्ट घोळत होती आणि ती पडद्यावर आणू शकेल असा माणूस समोरच उभा होता.

मग ‘किंग काँग’ सुरू झाला. त्यात कोणकोणत्या युक्त्या वापरल्या, ते नीट पाहू.

पहिली युक्ती बाहुल्याची. काँगची मुख्य मॉडेल्स साधारण १८ इंचांची होती. आत धातूचा सांगाडा आणि त्याला आपल्या खांद्यासारखे सगळीकडे वळणारे सांधे. त्यावर स्नायू आणि वरून सशाची फर. सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने एका मिनिटाला १,४४० फ्रेम लागतात. म्हणजे बाहुला हलवा, बाजूला व्हा, फ्रेम टिपा, असं १,४४० वेळा. दर वेळी हात लागला की फर थोडी विस्कटायची, त्यामुळे पडद्यावर काँगचे केस सतत सळसळताना दिसतात. ही खरं तर त्रुटी होती, पण बऱ्याच प्रेक्षकांना वाटलं की रागाने त्याच्या अंगावरचे केस उभे राहतात.

दुसरी युक्ती जंगलाची. ते जंगल टेबलावर मावेल एवढंच होतं. काचेच्या मोठ्या तावांवर झाडं आणि वेली रंगवून ते ताव एकामागे एक उभे करायचे आणि मधल्या जागेत छोटी झाडं आणि बाहुला ठेवायचा. कॅमेऱ्यातून बघितलं की मैलभर खोल अरण्य दिसायचं. व्हिडिओ एडिटिंग अ‍ॅपमध्ये तुम्ही लेयर टाकता, तेच हे, फक्त काच आणि रंग वापरून केलेलं. या सेटवरचा एक किस्सा सांगतात. एका दृश्यात खरं रोप ठेवलं होतं. शूटिंग इतकं लांबलं की मध्येच त्याला फूल आलं आणि पडद्यावर ते एका क्षणात उमलताना दिसलं.

तिसरी युक्ती माणसांची. बाहुल्यासमोर खरी नायिका दाखवायची कशी? तिचं शूटिंग आधीच करून ठेवायचं. मग छोट्या सेटमध्ये बारीकसा पडदा बसवून मागून त्यावर तिची फिल्म पाडायची, तीही एका वेळी एकच फ्रेम. बाहुला एक पाऊल हलवा, तिची फिल्म एक फ्रेम पुढे घ्या, दोन्ही एकत्र टिपा. उलट काही दृश्यांत नट मोठ्या पडद्यासमोर उभे राहायचे आणि मागे डायनासोरची फिल्म चालायची. आज ‘द मँडलोरियन’सारख्या मालिकेत कलाकारांमागे प्रचंड एलईडी भिंत असते आणि तिच्यावर परग्रह दिसतो. मूळ विचार तोच. या मालिकेला २०२० मध्ये स्पेशल व्हिज्युअल इफेक्ट्सचा एमी मिळाला.

शिवाय क्लोजअपसाठी काँगचं खऱ्या आकाराचं डोकं बनवलं होतं. त्यावर अस्वलाचं कातडं होतं आणि आत बसलेली माणसं डोळे आणि तोंड हलवायची. नायिकेला पकडण्यासाठी खऱ्या आकाराचा हातही होता. आणि वेगवेगळ्या फिल्म एकत्र छापणारा ऑप्टिकल प्रिंटर लिनवुड डन सांभाळत होता. आज आपण एक्सपोर्ट बटण दाबतो, ते काम तेव्हा हे यंत्र करायचं.

सगळ्यात अवघड गोष्ट मात्र यंत्राची नव्हती. विमानांच्या गोळ्या लागल्यावर काँग छातीला हात लावतो, बोटांकडे बघतो, नायिकेला हळूच खाली ठेवतो. धातू, रबर आणि सशाच्या कातडीच्या त्या बाहुल्यासाठी लोक थिएटरात रडले.

‘किंग काँग’ २ मार्च १९३३ ला न्यू यॉर्कमध्ये झळकला. योगायोगाने तो ओब्रायनचा ४७ वा वाढदिवस होता.

रकानाच नव्हता

सिनेमाच्या टायटलमध्ये ओब्रायनचं पद काय होतं माहितेय? चीफ टेक्निशियन, म्हणजे मुख्य तंत्रज्ञ. त्याच्या कामाला नेमकं काय म्हणायचं, हे अजून ठरलेलंच नव्हतं.

१९३४ च्या मार्चमध्ये ऑस्कर सोहळा झाला. ‘किंग काँग’चं नाव एकाही विभागात नव्हतं. अगदी पहिल्या वर्षी, ‘विंग्ज’ या सिनेमासाठी, इंजिनिअरिंग इफेक्ट्सचा एक पुरस्कार दिला गेला होता, पण नंतर तो बंद झाला. स्पेशल इफेक्ट्सचा नियमित विभाग सुरू झाला तो १९३९ च्या सिनेमांपासून. पहिला मान ‘द रेन्स केम’ला मिळाला आणि त्याने ‘गॉन विथ द विंड’ आणि ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ला मागे टाकलं. त्या विभागातही चित्र आणि आवाज एकत्र मोजले जायचे. दोघांची फारकत व्हायला १९६३ चे सिनेमे उजाडावे लागले.

म्हणजे पुरस्कार कामाच्या मागून येतात. आधी कुणीतरी नाव नसलेलं काम करून दाखवतं, मग ते इतरही करू लागतात, मग त्याला नाव मिळतं आणि शेवटी त्याची बाहुली स्टेजवर येते. पहिल्या माणसाची वेळ तोवर अनेकदा निघून गेलेली असते.

सगळ्यात वाईट वर्ष

१९३३ हे ओब्रायनच्या यशाचं वर्ष होतं, आणि तेच त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात काळं वर्षही ठरलं. त्याची पत्नी हेझल आणि तो वेगळे राहत होते. तिला क्षय आणि कॅन्सर होता. थोरल्या मुलाची दृष्टी क्षयामुळे गेली होती. त्या ऑक्टोबरमध्ये हेझलने दोन्ही मुलांचा जीव घेतला आणि स्वतःलाही संपवण्याचा प्रयत्न केला. ती वाचली, पण पुढच्या वर्षी आजाराने गेली.

ओब्रायन तेव्हा घाईघाईत काढलेल्या ‘सन ऑफ काँग’वर काम करत होता. त्या सिनेमाबद्दल तो पुढे कधीच फारसं बोलला नाही. १९३४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने डार्लिन हिच्याशी लग्न केलं. ती शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहिली.

न झालेले सिनेमे आणि एक शिष्य

इतका मोठा हिट दिल्यावर पुढची वीस वर्षं कामाची रांग लागायला हवी होती. झालं उलटंच. ‘वॉर ईगल्स’ नावाचा भव्य सिनेमा एमजीएममध्ये तयारीच्या टप्प्यावर थांबला. काउबॉय आणि डायनासोरची ‘ग्वांगी’ ही गोष्ट १९४२ मध्ये आरकेओने गुंडाळली. स्टॉप मोशनला वेळ लागतो, वेळ म्हणजे पैसा, आणि स्टुडिओला दोन्ही नको होतं.

या काळात एक चांगली गोष्ट घडली. १९३३ मध्ये रे हॅरीहाउझन नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने ‘किंग काँग’ पाहिला आणि त्याला दुसरं काही सुचेना. तो घरीच डायनासोर बनवू लागला. पुढे त्याने धीर करून ‘वॉर ईगल्स’च्या दिवसांत ओब्रायनला फोन लावला आणि आपली मॉडेल्स घेऊन भेटायला गेला. ओब्रायनने पोकळ कौतुक केलं नाही. डायनासोरचे पाय सॉसेजसारखे दिसतात, स्नायू दिसत नाहीत, आधी शरीरशास्त्र शीक, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मुलाने ते मनावर घेतलं आणि शिकायला गेला.

अखेर ऑस्कर

१९४९ मध्ये जुनी टीम पुन्हा एकत्र आली. सिनेमा होता ‘मायटी जो यंग’, पुन्हा गोरिलाचाच, पण या वेळी प्रेमळ गोरिलाचा. ओब्रायनने हाताखाली हॅरीहाउझनला घेतलं. दृश्यांची आखणी आणि तांत्रिक अडचणी सोडवणं ओब्रायनकडे होतं. बाहुला हलवण्याचं बहुतांश काम त्याने शिष्यावर सोपवलं. जळत्या अनाथाश्रमातून जो मुलांना वाचवतो, तो शेवटचा प्रसंग आजही बघण्यासारखा आहे.

मार्च १९५० मध्ये या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचा ऑस्कर मिळाला. ऑस्करच्या नोंदीत पुरस्कारासमोर नाव आहे ते निर्मिती कंपनीचं, आर्को प्रॉडक्शन्सचं. पण सिनेमावाले तो ऑस्कर ओब्रायनचाच मानतात. तेव्हा तो ६४ वर्षांचा होता. ‘किंग काँग’ला १७ वर्षं झाली होती.

पुरस्काराने नशीब मात्र पालटलं नाही. सिनेमाचा खर्च मोठा होता आणि धंदा फारसा झाला नाही. ऑस्कर हातात असूनही ओब्रायनला स्वतःचा मोठा सिनेमा पुन्हा मिळाला नाही. ‘द ब्लॅक स्कॉर्पियन’सारखे कमी बजेटचे सिनेमे मिळाले. १९६० मध्ये ‘द लॉस्ट वर्ल्ड’ नव्याने बनला. त्यात ओब्रायनला इफेक्ट्ससाठी घेतलं, पण डायनासोर म्हणून खऱ्या सरड्यांना शिंगं चिकटवून कॅमेऱ्यासमोर सोडलं. स्टॉप मोशनने ज्या गोष्टीचं सोनं करणारा माणूस समोर बसलेला, त्याच गोष्टीची ही अवस्था.

त्याच सुमारास त्याने काँगची आणखी एक गोष्ट रचली होती, काँग विरुद्ध फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाची. एका निर्मात्याने ती त्याच्या नकळत जपानच्या तोहो स्टुडिओकडे नेली. तिचं झालं ‘किंग काँग व्हर्सेस गॉडझिला’. १९६२ मध्ये तो जपानमध्ये लागला. त्यात काँग म्हणजे गोरिलाचा सूट घातलेला माणूस होता. गंमत म्हणजे, गॉडझिलाचे इफेक्ट्स करणारा एइजी त्सुबुराया हा ‘किंग काँग’ पाहूनच या क्षेत्राकडे ओढला गेला होता.

८ नोव्हेंबर १९६२ ला लॉस एंजेलिसमध्ये ओब्रायनचं निधन झालं. वय ७६. तेव्हाही हातात काम होतंच: ‘इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड’ या विनोदी सिनेमातल्या, आगीच्या बंबाच्या शिडीवर लोंबकळणाऱ्या माणसांच्या दृश्याचं.

काँगच्या नावावर दोन, ओबीच्या काँगला शून्य

पुढचा हिशेब मजेशीर आहे. १९७६ मध्ये ‘किंग काँग’ पुन्हा बनला. त्यासाठी ४० फुटी यांत्रिक काँग बांधला आणि त्याची जोरदार जाहिरात झाली, पण तो धड चालेना. बहुतेक दृश्यांत काँग होता तो सूटमधला रिक बेकर. सिनेमाला मात्र इफेक्ट्सचा विशेष ऑस्कर मिळाला. २००५ चा ‘किंग काँग’ कम्प्युटरवर घडला, त्यालाही व्हिज्युअल इफेक्ट्सचा ऑस्कर मिळाला. ज्या सिनेमामुळे हे दोन्ही झाले, तो कोराच राहिला.

रिक बेकरची गोष्टही तशीच. राक्षस घडवणाऱ्या मेकअपसाठी ऑस्करचा नियमित विभाग सुरू झाला १९८१ च्या सिनेमांपासून, आणि पहिला मान त्यालाच मिळाला. रकाना आधी असता तर तो पुरस्कार कुणाला मिळाला असता, याचा विचार करत बसावं.

शिष्यांनी मात्र ओब्रायनला विसरू दिलं नाही. हॅरीहाउझनने १९६९ मध्ये गुरूची गुंडाळलेली गोष्ट ‘द व्हॅली ऑफ ग्वांगी’ म्हणून पडद्यावर आणली. १९९२ मध्ये त्याला ऑस्करवाल्यांनी तांत्रिक योगदानाचा मानाचा पुरस्कार दिला. ‘ज्युरासिक पार्क’च्या वेळी स्टॉप मोशनचा जाणकार फिल टिपेट आपलं काम आता संपलं असं समजला होता. पण डायनासोरला वजन कसं द्यायचं, तो मान कशी वळवेल, हे कम्प्युटरवाल्यांना त्याच्याकडूनच शिकावं लागलं. सेन्सर लावलेला धातूचा सांगाडा अ‍ॅनिमेटर हाताने हलवायचे आणि त्याच्या हालचाली थेट कम्प्युटरमध्ये जायच्या. हातांनी शिकलेली विद्या अशी सॉफ्टवेअरमध्ये उतरली. त्या सिनेमाच्या ऑस्करवर टिपेटचंही नाव आहे.

आज व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटीच्या पुरस्कारांमध्ये कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष केलेल्या, म्हणजे प्रॅक्टिकल, इफेक्ट्ससाठी वेगळा विभाग आहे. सिनेमे आणि मालिका त्यात एकत्र स्पर्धा करतात आणि पुरस्कार कंपनीला नाही, काम करणाऱ्या माणसांना नावानिशी मिळतो. सगळं कम्प्युटरवर होतं असं वाटत असताना हाताच्या कामासाठी नवा रकाना उघडला गेला, ही चांगलीच गोष्ट आहे.

तेव्हा पुढच्या वेळी एखादा मोठा सिनेमा बघाल तेव्हा शेवटी लगेच ‘स्किप’ दाबू नका. नावांची ती लांबलचक यादी दोन मिनिटं वर सरकू द्या. मॉडेल बनवणारे, बाहुले चालवणारे, लेयर जोडणारे, सगळे तिथे आहेत. आणि मित्रांसोबत स्टॉप मोशनची क्लिप केलीत, तर ज्याने टेबल हलू न देता लाइट धरून ठेवला, त्याचंही नाव शेवटी टाका.